गाण्याला इतकं पुढे कशाला?

मैफलीच्या तिकिटांचे दर बहुतेक ठिकाणी एकाच हिशेबाने लावलेले असतात. रंगमंचाच्या जितकं जवळ, तितकं महाग. नाटकाला हा हिशेब बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे नटाचा चेहरा दिसायला हवा. गाण्याला मात्र तो चालत नाही, असं माझं इतकी वर्षं ऐकून ठाम मत झालं आहे. एकाच संध्याकाळी, एकाच सभागृहात, एकाच गायिकेचा यमन दुसऱ्या रांगेत वेगळा ऐकू येतो, दहाव्या रांगेत वेगळा, आणि बाल्कनीच्या पोटात अगदी मागे बसलेल्याच्या वाट्याला तिसराच यमन येतो. दुसऱ्या दिवशी तिघं भेटले की गाणं रंगलं की नाही यावर हमरीतुमरीवर येतात. कोण कुठे बसलं होतं हे कुणी विचारत नाही.

मी विचारते. गाण्याबद्दल कुणी काही सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एक मीटर पार करायला त्याला तीन मिलिसेकंद लागतात. गायिकेपासून वीस मीटरवर बसलेल्याला तिची सम साठेक मिलिसेकंद उशिरा पोचते, आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडतं किंवा साधतं ते भिंतींमुळे. तोच सूर बाजूच्या भिंतींवर आणि छतावर आदळून पुन्हा आपल्याकडे येतो. सरळ आलेल्या सुराच्या मागोमाग, साधारण पन्नास मिलिसेकंदांच्या आत तो आला, तर कानाला तो वेगळा जाणवत नाही. मूळ सुरातच मिसळतो आणि त्याला भरीवपणा देतो. बराच मागून आला, आणि जोरात आला, तर शब्दावर शब्द चढतो, तानेचे दाणे एकमेकांत मिसळून जातात. बाजूच्या भिंतींवरून लवकर परतणाऱ्या आवाजाचं मोल आणखी वेगळं आहे. सूर फक्त समोरून न येता आपल्या अवतीभोवती आहे, असं वाटतं ते त्याच्यामुळे. व्हिएन्नातल्या म्युझिकफेराइनचं मोठं सभागृह १८७० साली उघडलं, तरी आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याचं नाव घेतात. त्याचं एक मोठं कारण त्याचा आकार आहे. लांबट, उंच आणि अरुंद. त्यामुळे बाजूची भिंत कुणापासूनच फार दूर नाही.

हे सगळं मोजता येतं, हे दाखवून देणारा माणूस म्हणजे हार्वर्डमधला भौतिकशास्त्राचा तरुण अध्यापक वॉलेस सॅबिन. १८९५ च्या सुमारास विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कळेना, आणि ते दुरुस्त करायचं काम त्याच्यावर आलं. त्या रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंदांपर्यंत घुमत राहायचा. सॅबिनने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री रस्ते शांत झाले की तो कामाला लागायचा. ऑर्गनच्या एका नळीतून सूर वाजवायचा, थांबवायचा, तो पुरता विरेपर्यंतचा वेळ मोजायचा, मग आणखी गाद्या टाकायचा आणि पुन्हा मोजायचा. गाद्या वाढत गेल्या तसा घुमण्याचा काळ कमी होत गेला आणि शेवटी सेकंद-सव्वा सेकंदावर आला. या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढे आहे. आपल्या अंगावरचे कपडेसुद्धा आवाज शोषतात आणि त्याने मोजमाप चुकतं, हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा आधीची ढीगभर मोजमापं त्याने टाकून दिली आणि पुढे ठरावीक कपडे घालूनच मोजलं. बॉस्टनचा सिम्फनी हॉल याच अभ्यासावर उभा राहिला आणि १९०० साली उघडला.

एका माणसाच्या कोटाने आकडे बदलत असतील, तर भरलेल्या सभागृहात हजार माणसांनी काय होत असेल? म्हणून दुपारच्या साउंड चेकला रिकाम्या थिएटरात ऐकलेला आवाज आणि संध्याकाळी भरल्या घरात ऐकलेला आवाज कधीच जुळत नाहीत. अनुभवी कलाकार साउंडवाल्याला म्हणूनच सांगून ठेवतात, आत्ता थोडं जास्त घुमतंय ते राहू दे, लोक आल्यावर बसेल.

आता आपल्याकडे वळू. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी बांधलेल्या सभागृहात दोन सेकंदांच्या आसपास घुमणं चांगलं मानतात. बोलण्याला ते परवडत नाही, तिथे सेकंदाच्या आसपासच ठेवावं लागतं. आपण मराठी माणसं गाणं ऐकतो ती बहुतेक घरं मुळात नाटकाची आहेत. पुण्याचं १९६८ चं बालगंधर्व रंगमंदिर, दादरचं शिवाजी मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी रंगायतन. संवाद शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ जावा, ही त्यांची पहिली गरज. त्यामुळे तिथे गाणं स्वच्छ ऐकू येतं, पण थोडं कोरडं. सभागृह स्वतःहून सुराला फार काही देत नाही. म्हणून खुर्ची निवडताना जिथे निदान छताचा आणि भिंतींचा आवाज मिळतो अशी जागा शोधावी लागते. परदेशी पुस्तकांतला सल्ला तसाच्या तसा उचलून इथे उपयोग नाही.

तिकीट खिडकीवर प्लॅन असायचे, त्या दिवसांत मला हे फुकट शिकायला मिळालं. खुर्च्यांचा छापील नकाशा खिडकीच्या आत मांडलेला असे. विकलेली खुर्ची रंगीत पेन्सिलीने काटली जायची, आणि प्लॅन उघडायच्या सकाळी रांग लागायची. आमच्या भागातल्या नाट्यगृहाच्या खिडकीवर बसणारे गृहस्थ वयस्कर होते. तिसऱ्या रांगेतल्या दोन मागितल्या तेव्हा त्यांनी पेन्सिल उचललीच नाही.

"गाण्याला इतकं पुढे कशाला बसताय ताई? नाटकाला देतो पुढचं. गाण्याला आठवी-नववी घ्या, मधली. बाल्कनी सुरू व्हायच्या आत."

त्या एका वाक्यात जवळजवळ सगळं होतं. बाल्कनी सुरू व्हायच्या आत, हे तर विशेष. बाल्कनीच्या खाली खोलवर बसलं की वरून येणारा आवाज अडतो. समोरच्या फटीतून येईल तेवढाच कानी पडतो, आणि गाणं शेजारच्या खोलीत चाललं आहे असं वाटायला लागतं. सभागृह बांधणारे म्हणूनच एक ढोबळ नियम पाळायचा प्रयत्न करतात. बाल्कनीखालची जागा तिच्या तोंडाच्या उंचीपेक्षा जास्त खोल नसावी. तिकिटं विकायच्या नादात हा नियम खूप ठिकाणी मोडलेला दिसतो. जागेवर बसल्यावर पडताळा घ्यायला सोपं आहे. मान वर करा. सभागृहाचं मुख्य छत दिसत असेल तर त्या छतावरून येणारा आवाजही तुम्हाला मिळणार. डोक्यावर बाल्कनीचा तळच दिसत असेल तर नाही.

बाल्कनीत वर बसण्याबद्दल मात्र आपल्याकडे उगाच कमीपणा मानतात. बाल्कनीची पहिली रांग मला फार प्रिय आहे. खालच्या मजल्यावर आवाज माणसांच्या डोक्यांवरून आणि खुर्च्यांच्या पाठींवरून घासत येतो, आणि तसा येताना खालच्या पट्टीतला काही भाग वाटेतच गमावतो. खर्जातले सूर, डग्ग्याची गमक, पखवाजाची थाप मधल्या रांगांत कधी कधी पातळ वाटते, ती यामुळे. बाल्कनीच्या पुढच्या रांगेला मध्ये कुणी नसतं. संथ आलापी, धृपद, रुद्रवीणा असं काही असेल तर मी डोळे मिटून वरचं स्वस्त तिकीट काढते. आलापाच्या सुरुवातीला गायक खर्जात उतरतो तेव्हा तो सूर नुसता कळणं वेगळं आणि तो पोटात जाणवणं वेगळं.

इथवर जे लिहिलं ते माइक नसल्यासारखं लिहिलं. प्रत्यक्षात आज बहुतेक गाणं माइकवरूनच येतं, आणि मग भिंतींइतकेच स्पीकर महत्त्वाचे ठरतात. रंगमंचाच्या दोन्ही टोकांना उभे केलेले किंवा टांगलेले स्पीकर मागच्या लोकांकडे तोंड करून असतात. पहिल्या दोन-तीन रांगा त्यांच्या माऱ्याच्या बाहेर राहतात. तिथे बसलेल्याला तबला थेट ऐकू येतो, पेटीही बरीच थेट येते, कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्या समोर ठेवलेल्या स्पीकरचा, म्हणजे मॉनिटरचा, गढूळ आवाज येतो, आणि गायकाचा गळा मात्र या सगळ्यात मागे पडतो. सगळ्यात महाग तिकीट काढून तबलाच ऐकून आलेले लोक मी पुष्कळ बघितले आहेत. बिचारे तबलजीला दोष देतात.

कडेच्या खुर्चीचा त्रास निराळा. कान आवाजाची दिशा ठरवतो तो आधी कुठून पोचला यावरून. डाव्या टोकाला बसलात की डावा स्पीकर आधी बोलतो. डोळ्यांना गायिका मध्यभागी दिसते आणि आवाज येतो डाव्या खांबातून. तीन तास हे सहन केलं की डोकं जड होतं, आणि का झालं ते कळत नाही. मधल्या पट्ट्यात बसलं की दोन्हीकडचा आवाज जवळपास एकदम पोचतो आणि तो तिच्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. शिवाय साउंडवाल्याचं टेबल सभागृहात मांडलेलं असेल तर त्याच्या पुढच्या दोन-तीन रांगा डोळे झाकून घ्याव्यात. तो जे ऐकून खुंट्या फिरवतो आहे तेच तुम्ही ऐकणार. टेबल विंगेत असेल तर या युक्तीचा उपयोग नाही.

खुर्ची बरोबर मिळाली की नाही, याची माझी परीक्षा गाणं सुरू व्हायच्या आधीच होते. पडदा वर जातो, कलाकार येऊन बसतात आणि मागे बसलेल्या दोघी तंबोरे छेडायला लागतात. त्या वेळी लोक मोबाइल बंद करत असतात, ओळखीच्यांना हात करत असतात, पाण्याची बाटली खुर्चीखाली सरकवत असतात. मी फक्त तंबोरे ऐकते. पंचमाची तार छेडली, मग जोडीच्या दोन, मग खर्ज. खर्जाच्या तारेवर बोट पडल्यानंतर त्या सुरातून वरचे स्वर एकेक करून उमलायला लागतात. जवारी, म्हणजे तारेला झंकार देणारी घोडीवरची जुळणी, चांगली लागली असेल तर त्यात गांधार स्वच्छ ऐकू येतो, कुणी न गाता. तो गांधार माझ्या खुर्चीवर पोचला की मी निश्चिंत होते. दोन्ही तंबोऱ्यांचे आवाज वेगळे ओळखू आले तर उत्तमच. नुसतीच एक गुणगुण आली तर समजावं की पुढच्या तीन तासांत मींडेतल्या, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातानाच्या, बारीक जागा आपल्याला अंदाजानेच घ्याव्या लागणार. अशा वेळी मध्यंतरात उठून मी दुसरी रिकामी जागा शोधते. त्यात संकोच कसला?

मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेच्या टाटा थिएटरमध्ये हा सगळा विचार मुळापासून झाला होता. फिलिप जॉन्सन हे वास्तुरचनाकार आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांची. १९८० साली ते उघडलं. सुमारे हजार खुर्च्या, पण पंख्यासारख्या पसरलेल्या, म्हणजे कुणीच कलाकारापासून फार लांब नाही. माइकशिवाय ऐकू यावं हा त्यामागचा हेतू. पंख्याच्या आकाराला एक किंमत मोजावी लागते. टोकाच्या खुर्च्यांवरून कलाकार एका अंगाने दिसतो, आणि आवाजही थोडा एका अंगाचा होतो. तिथे मी मध्यापासून फार सरकत नाही. आणि कुठेही खरोखर बिनमाइकची मैफल असेल, तर वरचे सगळे नियम बाजूला ठेवून पुढे बसावं. आपलं ख्यालगायन वाढलं ते दिवाणखान्यात, गायकापासून हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांसाठी. सूर लावण्याआधीचा श्वास, आकारातून इकाराकडे जाताना बदलणारं तोंड, समेला तबलजीकडे टाकलेला कटाक्ष, हे त्या गाण्याचेच भाग आहेत. माइक नसेल तर ते कमावायला जवळच जावं लागतं.

त्याच आवारातल्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वाजतो. हा वाद्यवृंद २००६ साली सुरू झाला. तिथे मराठी श्रोते आता चांगले दिसतात, म्हणून थोडं त्याबद्दल. वाद्यवृंदाला पुढे बसलं की समोरची व्हायोलिनंच कान भरून टाकतात. सगळी वाद्यं एकत्र येऊन पोचायला अंतर लागतं. पियानो असेल तर निवड सरळ आहे. प्रेक्षकांच्या बाजूने बघितलं तर पियानोच्या पट्ट्या डावीकडे असतात आणि झाकण प्रेक्षकांच्या बाजूला उघडतं. बोटं बघायची तर डावीकडे बसा, आवाज घ्यायचा तर मध्यापासून जरा उजवीकडे. बर्लिनच्या १९६३ सालच्या फिलहार्मोनीत वादकांच्या मागेही खुर्च्या आहेत. तिथून वाद्यवृंद चालवणाऱ्याचा चेहरा समोरून दिसतो, ही मोठीच गोष्ट. पण गायक असेल तर तिथे बसू नये. माणसाचा आवाज सगळ्या दिशांना सारखा जात नाही. स, श, त, क अशा व्यंजनांची धार पुढे जाते, पाठीमागे उरतो तो नुसता स्वर.

ही व्यंजनांची गोष्ट मला बाबांमुळे नीट कळली. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. उतारवयात कान कमी होतात ते आधी वरच्या पट्टीत, आणि व्यंजनं तिथेच राहतात. बाबांना सूर पुरेपूर ऐकू येतो, शब्द मात्र निसटतात. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमात शब्द निसटले की त्यांचा हिरमोड होतो, कारण पदं त्यांना पाठ आहेत आणि गायकाने कुठला शब्द कसा टाकला ते त्यांना पकडायचं असतं. सुरुवातीला घरच्यांनी त्यांना स्पीकरजवळ बसवायचा आग्रह धरला. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज असं सगळ्यांना वाटतं. स्पीकरजवळ खालचे सूर अंगावर येतात आणि व्यंजनं आणखी बुडतात. आता मी त्यांच्यासाठी चौथी किंवा पाचवी रांग घेते, अगदी मध्यावर, गायकाचे ओठ दिसतील अशी. ओठ दिसले की कानाला मदत होते. श्रवणयंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय असेल तर ती आधी लावून घ्यायची, नाहीतर यंत्र तंबोऱ्याला गोंगाट समजून दाबायला बघतं. आणि खुर्ची वाटेच्या कडेची नाही, म्हणून मध्यंतरात उठायला त्यांना त्रास होतो, तेवढा ते सोसतात. माझ्यासाठी मी त्याच कार्यक्रमाला दहावी रांग घेतली असती. त्यांच्याबरोबर पाचवीत बसून तबला जरा जास्त ऐकते.

सवाईचं गणित वेगळंच. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली सुरू केलेला महोत्सव आता सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणून ओळखला जातो. पूर्वी रमणबागेत, अलीकडे मुकुंदनगरला. मांडव असल्यामुळे भिंतींचं देणं नाही, सगळी भिस्त स्पीकरवर. इतक्या लांबलचक मांडवात मागे वेगळे स्पीकर लावावे लागतात, आणि पुढचा आवाज हवेतून तिथे पोचेपर्यंतचा वेळ मोजून मागच्या स्पीकरचा आवाज तितकाच उशिरा सोडावा लागतो. नाहीतर प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो. जागा धरताना मी एवढंच बघते की आपण पुढच्या आणि मागच्या स्पीकरच्या अधल्यामधल्या पट्ट्यात तर नाही ना, आणि खाण्याच्या स्टॉलकडे जाणाऱ्या वाटेवर तर नाही ना. तिथल्या भारतीय बैठकीची माझी बाजू मी नेहमीच घेत आले आहे. मांडी घालून बसलेला माणूस गायकासारखाच बसलेला असतो. ताल मांडीवर धरता येतो. शेजारी कोण बसलं आहे, तो कुठे दाद देतो आहे, हे अंगाला कळतं. थंडीत शाल पांघरून, सतरंजीवर, अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून ऐकलेली भैरवी खुर्चीवर तशी लागत नाही. गुडघे धरायला लागेपर्यंत मी बैठकच घेणार.

कथकला जाणार असाल तर पुढे बसूच नका. रंगमंच उंच असतो, आणि पहिल्या रांगेतून पावलं नीट दिसत नाहीत. घुंगरू ऐकू येतात, पण टाच कुठे पडली आणि पंजा कुठे, हे वरूनच कळतं.

हल्ली फोनवर नकाशा उघडतो, रंगीत चौकोन दिसतात, आणि खिडकीतल्या गृहस्थांसारखं अडवणारं कुणी नसतं. त्या नकाशावर निदान दोन गोष्टी दाखवायला हव्यात. बाल्कनीचा तळ कुठल्या रांगेच्या डोक्यावर सुरू होतो, आणि स्पीकर कुठे आहेत. पहिली गोष्ट वर्षानुवर्षं बदलत नाही, एकदा आखली की झालं.

आणि एक विनंती आयोजकांना. पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखीव ठेवायच्या तर खुशाल ठेवा, देणगीदारांशिवाय हे कार्यक्रम उभे राहत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. पण पहिली चीज संपेपर्यंत त्या भरल्या नाहीत, तर दोरी सोडा आणि मागच्यांना पुढे येऊ द्या. रिकाम्या खुर्च्यांचे दोन तोटे आहेत. गायकाला समोर माणूस दिसत नाही, त्यामुळे तो दाद कुणाची घेणार? आणि बाल्कनीखाली शेवटच्या रांगेत बसलेल्या, गाणं शिकणाऱ्या मुलामुलींना तबलजीची बोटं बघायची असतात. काही मंडळी हे आजही आवर्जून करतात. निवेदिका पहिल्या रागानंतर माइकवरून सांगते, मागच्या रसिकांनी पुढे यावं. मग पाच मिनिटं गडबड होते, चपला वाजतात, खुर्च्या करकरतात, आणि गायक हसून तेवढ्यात तंबोरे पुन्हा जुळवून घेतो.